जुन्या टाकीचा बंब

पौषातील पहाटे सिद्धारूढ मठाच्या बाजूने जुन्या हुबळीच्या एखाद्या गल्लीत शिरावे, तर उजाडण्यापूर्वीच काही परसांतून धुराच्या रेषा वर चढताना दिसतात. तो स्वयंपाकाचा धूर नव्हे. तो स्नानाच्या पाण्याखालचा धूर होय. ज्या भांड्यात हे पाणी तापते त्याला मराठी घरात बंब किंवा हंडा म्हणतात, शेजारच्या कन्नड घरात हंडे म्हणतात, आणि आमच्या कोंकणी घरात भाण म्हणतात. नावे निराळी, काम एकच. ह्या भांड्याविषयी विद्यार्थ्यांना व त्यांच्या वडीलधाऱ्यांना चार उपयुक्त गोष्टी सांगाव्यात, ह्या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

हा विषय आताच काढण्याचे कारण असे. पूर्वी बंब तांब्याचा असे. पुण्याच्या तांबट आळीतील कारागीर असे बंब हाताने ठोकून घडवीत आले आहेत. परंतु तांबे महाग झाले, विजेची व गॅसची पाणी तापविण्याची साधने घरोघर आली, आणि कित्येक घरांतील बंब मोडीच्या दुकानी गेले. आता विजेचे बिल वाढू लागले की कोणास तरी पुन्हा बंबाची आठवण होते. पण नवा तांब्याचा बंब घेणे परवडत नाही. मग दृष्टी वळते ती जुन्या टाक्यांकडे.

टाक्यांचा आपल्या शहरात तुटवडा नाही. हुबळीचा पाण्याशी चाललेला झगडा जुना आहे. आधी उणकल तलाव, पुढे १९५५ साली बेडती नाल्यावर बांधलेला नीरसागर, आणि त्यानंतर सौंदत्तीच्या रेणुकासागरातून आणलेले मलप्रभेचे पाणी, असा त्याचा क्रम आहे. तरीही नळाला पाणी कित्येक दिवसांच्या अंतराने येई, म्हणून प्रत्येक कुटुंबाने मिळेल ती टाकी भरून ठेवावी, हा येथील रिवाज पडला. चोवीस तास पाणी देण्याची योजना २००८ साली शहराच्या काही मोजक्या भागांत प्रथम सुरू झाली. अशा रीतीने साठविण्याच्या टाक्या घरात साचत गेल्या. काही गळू लागल्या, काही अडगळीत पडल्या. शिवाय हे रेल्वेच्या कारखान्याचे गाव. लोखंड कापणे, जोडणे, पुन्हा उपयोगात आणणे, हे येथील हातांना नवे नाही. तेव्हा जुन्या टाकीचा बंब करण्याची कल्पना येथे सहज सुचते, आणि ती मुळात वाईटही नाही. मात्र तिच्यात एक धोका दडलेला आहे. तो आम्ही आमच्याच घरी पाहिला आहे.

आम्ही इयत्ता आठवीत असताना वडिलांनी मोडीच्या बाजारातून शंभर लिटरची एक गोल लोखंडी टाकी आणली. तिचा तळ सपाट होता. परसात विटांची चूल रचून तीवर ती बसविली. गच्चीवरील टाकीतून थंड पाणी येण्यासाठी एक नळी व तीवर एक कॉक. गरम पाण्यासाठी एक तोटी. आणि माथ्यावरून सरळ वर जाणारी एक उघडी हवानळी, अशी ती रचना होती. वर्षभर ती उत्तम चालली. एकच खोड होती. जाळ मोठा झाला की हवानळीतून गरम पाण्याचे शिंतोडे उडत व शेजाऱ्यांची नुकतीच रंगविलेली भिंत डागाळे. तक्रार आली. एका कारागिरास बोलाविले. त्याने हवानळीच्या तोंडावर लोखंडी टोपण घट्ट बसविले व सांगितले, “आता एक थेंबही उडणार नाही.”

तीन दिवस खरोखरच काही घडले नाही. चौथ्या रात्री गच्चीवरील टाकीत पाणी थोडे उरले आणि नळाला पाणी येण्यास अवकाश होता, म्हणून आईने थंड पाण्याचा कॉक बंद करून ठेवला. पहाटे नेहमीप्रमाणे चूल पेटली. आमची आजी रोज बंबाजवळ बसून जप करीत असे. तिच्या कानास एक गोष्ट खटकली. बंब तापू लागला की हवानळीतून जी गुळगुळ ऐकू येई, ती आज नव्हती. त्याऐवजी पत्रा मधूनच ‘कट्’ असा आवाज करीत होता. आजीने चिमट्याने जळती लाकडे ओढून बाहेर काढली, निखाऱ्यांवर राख लोटली, आणि कोणीही तोटीस हात लावू नये म्हणून ती स्वतः दारात उभी राहिली. संध्याकाळी बंब पूर्ण निवल्यावर वडिलांनी पाहिले, तर सपाट तळ पुरीसारखा फुगला होता आणि सांध्याच्या कडेने केसासारखी चीर जाऊन ओल आली होती. आजी एवढेच म्हणाली, “भाणाचें तोंड धांपचें न्हय.” म्हणजे, भाणाचे तोंड बंद करावयाचे नसते. तिने पदार्थविज्ञानाचे पुस्तक उघडले नव्हते. पण त्या एका वाक्यात ह्या लेखाचे सार आहे.

आता ह्या घटनेमागील कारण पाहू. पाणी तापले की फुगते. २५ अंश सेल्सियसचे शंभर लिटर पाणी उकळीपर्यंत तापविले, तर ते सुमारे एकशे चार लिटर होऊ पाहते. हे वाढलेले चार लिटर कोठे तरी गेलेच पाहिजेत, कारण पाणी दाबून लहान करणे जवळजवळ अशक्य आहे. बंबाला हवानळी असेल, तर ते तिच्यात चढते. हवानळी बंद असून थंड पाण्याचा कॉक उघडा असेल, तर ते उलट वाटेने गच्चीवरील टाकीत जाते. पहिले तीन दिवस आमचे घर सुरक्षित राहिले ते ह्यामुळेच. चौथ्या दिवशी दोन्ही वाटा बंद झाल्या आणि पाणी टाकीच्या पत्र्यालाच रेटू लागले. संकटे पुष्कळदा अशीच येतात. एक वाट बंद करणारा निश्चिंत असतो, कारण दुसरी उघडी असते; दुसरी बंद करणाऱ्यास पहिलीची वार्ता नसते.

ह्याहून मोठा धोका पुढे असतो. उघड्या भांड्यातील पाणी शंभर अंशांच्या आसपास उकळते व त्यापुढे तापत नाही. कोंडलेले पाणी मात्र त्यापुढेही तापत राहते. ते १२० अंशांवर पोहोचले की आतील दाब बाहेरच्या हवेपेक्षा प्रत्येक चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅमने अधिक होतो. हा आकडा लहान वाटेल. म्हणून विद्यार्थ्यांनी स्वतः हिशेब करून पाहावा. तळाचा व्यास चाळीस सेंटिमीटर धरला तर क्षेत्रफळ सुमारे १,२५० चौरस सेंटिमीटर येते. म्हणजे त्या पातळ सपाट तळावर सव्वा टनाचा रेटा पडतो!

अशा वेळी सांधा फुटला किंवा कोणी घाबरून तोटी उघडली, तर काय होईल? दाब उतरताच १२० अंशांचे पाणी द्रवरूपात राहू शकत नाही. त्याचा काही भाग क्षणात वाफ होतो. शंभर लिटरांपैकी जेमतेम पावणेचार लिटर पाण्याची अशी वाफ होईल. परंतु एक लिटर पाण्याची वाफ सुमारे १,७०० लिटर जागा व्यापते. तेव्हा सहा हजार लिटरांहून अधिक वाफ एकाएकी बाहेर पडेल. दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद व दोन मीटर उंच अशा न्हाणीघरात एवढीच जागा असते. आजी दारात का उभी राहिली, हे आम्हास पुष्कळ वर्षांनी असे आकड्यांतून कळले.

हा अनुभव आमच्याच घरचा आहे असे मात्र नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातील घरांत स्वयंपाकाच्या शेगडीमागे पाणी तापविण्याची लहान लोखंडी पेटी बसवीत. कडाक्याच्या थंडीत तिच्या नळ्यांत बर्फ गोठे, दोन्ही वाटा बंद होत, आणि सकाळी शेगडी पेटविताच पेटी फुटून माणसे दगावत. बॉयलरच्या स्फोटांची चौकशी करण्यासाठी तेथे १८८२ साली स्वतंत्र कायदाच करण्यात आला. हुबळीत बर्फ पडत नाही. पण आमच्या घरी एक टोपण व एक कॉक ह्यांनी मिळून बर्फाचेच काम केले होते. आपल्या देशात कारखान्यांतील बॉयलरांसाठी १९२३ सालचा कायदा होता व २०२५ साली त्याच्या जागी नवा कायदा आला. त्यान्वये बॉयलर तपासण्यास निरीक्षक येतो. परसातल्या बंबापाशी मात्र कोणी निरीक्षक येत नाही. तेथे घरच्या माणसांनाच निरीक्षक व्हावे लागते.

म्हणून प्रथम टाकीची पारख करावी. प्लास्टिकची टाकी गरम पाण्यास मुळीच उपयोगी नाही. ती मऊ पडून बसते. तिने वर थंड पाणी साठवावे, एवढेच. तेल, रंग, कीटकनाशक किंवा अन्य रसायन ज्यात होते ते पिंप कितीही धुतले तरी घेऊ नये. पेट्रोल किंवा रॉकेलचे रिकामे पिंप तर कापावयासही देऊ नये, कारण आत उरलेल्या वाफा कापण्याच्या ज्योतीने पेट घेतात व पिंप फुटते.

जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी टाकी चालते. मात्र ती हातोडीने हलके ठोकून पाहावी. चांगला पत्रा खणखणतो, गंजलेला बद्द वाजतो. नंतर ती भरून एक दिवसरात्र तशीच ठेवावी, म्हणजे गळती असल्यास दिसून येईल. तिला वेल्डिंग करावयाचे असल्यास त्या जागेवरील जस्त आधी घासून काढण्यास सांगावे व काम मोकळ्या हवेत करून घ्यावे. जस्ताचा पांढरा धूर छातीत गेल्यास त्याच रात्री थंडी वाजून ताप भरतो. विजेच्या जुन्या गीझरातील टाकी मिळाल्यास ती गरम पाणी साठविण्यास चांगली. परंतु काहींना आतून काचेसारखा लेप असतो व तो जाळावर धरल्यास तडकतो. आणि कोणाच्या माळ्यावर आजोबांच्या वेळचा तांब्याचा बंब असेल, तर तो मोडीत देण्याआधी दहा वेळा विचार करावा. तांबे उष्णता झटकन पोहोचविते, गंजून झडत नाही, आणि बंबाच्या मधून गेलेली धुराची नळी पाण्याला आतूनही तापविते. एवढी सोय दुसऱ्या कोणत्याच टाकीत आयती मिळत नाही.

आकाराचेही महत्त्व आहे. गोल टाकी दाब सर्व बाजूंनी सारखा वाटून घेते. चौकोनी टाकीच्या सपाट बाजू फुगतात. आणखी एक नियम असा की रिकाम्या बंबाखाली कधीही जाळ करू नये. आत पाणी असेतो धातू फारसा तापत नाही. पाणी संपले की कथलाचा डाख वितळतो आणि सांधे सुटतात.

आता मांडणी कशी असावी ते सांगतो. उत्तम मांडणीत जाळावर लहान भांडे असते व पाण्याची मोठी टाकी त्याच्याहून उंच, बाजूला असते. दोहोंना दोन नळ्यांनी जोडतात. लहान भांड्याच्या माथ्यावरून निघणारी नळी टाकीच्या वरच्या भागात जाते. टाकीच्या तळातून निघणारी नळी भांड्याच्या खालच्या भागात येते. ह्यास पंप लागत नाही. २५ अंशांचे एक लिटर पाणी ९९७ ग्रॅम भरते, तर ६० अंशांचे ९८३ ग्रॅम. ह्या चौदा ग्रॅमांच्या फरकामुळे हलके गरम पाणी वर चढते, जड थंड पाणी खाली येते, आणि जाळ असेतो ही फेरी आपोआप चालू राहते. अनेक घरांच्या गच्चीवरील सौर बंबही ह्याच तत्त्वावर चालतो. नळ्या मात्र भांड्याकडून टाकीकडे सतत चढत्या असाव्यात. मध्ये कोठे कुबड आले तर तेथे हवा अडकून फेरी थांबते.

जुनी टाकी साठ्यासाठी वापरावी व जाळ तिला लागू देऊ नये, हे आमचे स्पष्ट मत आहे. ज्या देशांत हिवाळ्यात सारे घर गरम ठेवावे लागते, तेथेही लाकडाच्या बॉयलरला अशी मोठी टाकी जोडतात. दिवसातून एकदा चांगला जाळ करून उष्णता पाण्यात साठवितात आणि ती रात्रभर थोडीथोडी वापरतात. तेथील काटकसरी लोक ह्या कामी जुन्या टाक्या वापरतात. टाकीभोवती गोणपाट, काथ्या किंवा भाताचा कोंडा भरलेले आवरण केले, तर सकाळी तापविलेले पाणी संध्याकाळी हातपाय धुण्यास पुरेसे कोमट राहते. ही आवरणे जाळापासून दूर असावीत, हे सांगणे नकोच.

थंड पाण्यासाठी बंबाची स्वतंत्र लहान टाकी थोड्याच उंचीवर ठेवावी. पाण्याची उंची जेवढी अधिक तेवढा दाब अधिक. दुमजली घराच्या गच्चीवरून, म्हणजे सात मीटरांवरून, पाणी सरळ जुन्या टाकीत सोडले, तर चाळीस सेंटिमीटरांच्या तळावर जाळ न करताच पावणेनऊशे किलोग्रॅमांचा भार पडतो. हवानळी टाकीच्या सर्वांत वरच्या बिंदूपासून निघावी, थंड टाकीतील पाण्याच्या पातळीहून किमान अर्धा मीटर वर जावी, आणि तिचे तोंड वळवून त्याच थंड टाकीवर सोडावे. असे केले की उडालेले पाणी वाया जात नाही व शेजाऱ्यांची भिंतही डागाळत नाही. आमच्या त्या कारागिराने टोपणाऐवजी एवढे एक वळण दिले असते तर! ह्या हवानळीवर कॉक, तोटी, बूच, चिंधी, काहीही नसावे. पाणी वाचविण्यासाठी कॉक बंद करावयाचाच असेल, तर तो घरात येणाऱ्या नळीवर असावा, बंबाच्या नळीवर नव्हे.

तांब्याची नळी व जस्ताची टाकी एकमेकांस थेट जोडू नयेत. दोन भिन्न धातू पाण्यात एकत्र आले की विजेच्या घटाप्रमाणे क्रिया सुरू होते आणि जस्त व लोखंड आधी झिजते. मध्ये विद्युत्‌रोधक जोड घालावा, किंवा सर्व रचना एकाच धातूची करावी.

जाळाची जागा नेहमी उघड्यावर, परसात असावी. बंद न्हाणीघरात जाळ केल्यास कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू साचतो. त्यास रंग नाही, वास नाही, आणि माणूस बेशुद्ध होईपर्यंत त्याची चाहूल लागेलच असे नाही. गॅसच्या गीझरालाही हाच नियम लागू आहे. तसेच ६० अंशांचे पाणी काही सेकंदांत कातडी भाजते. म्हणून बादलीत आधी थंड पाणी घ्यावे व मग गरम, आणि लहान मुलांस तोटीपाशी एकटे सोडू नये.

सरपण किती लागेल, हाही हिशेब करण्याजोगा आहे. शंभर लिटर पाणी २५ वरून ४५ अंशांवर नेण्यास सुमारे ८,४०० किलोज्यूल उष्णता लागते. विजेच्या भाषेत ती दोन युनिटे व थोडी वर. सुके लाकूड किलोला सुमारे १५,००० किलोज्यूल देते. अर्धी उष्णता धुराबरोबर गेली असे धरले, तरी सव्वा किलोच्या आत काम होते. ओले लाकूड मात्र आपली बरीचशी उष्णता स्वतःतील पाणी उडविण्यातच घालविते. त्यामुळे सरपण वाळविणे ही पहिली काटकसर होय.

शेवटी एक गोष्ट. आपल्याकडील कूपनलिकांचे पाणी जड असते. ते तापले की त्यातील क्षार पांढऱ्या खरीच्या रूपाने आत बसतात आणि नळ्यांची तोंडे हळूहळू आवळीत जातात. उघडी ठेवलेली हवानळीही अशा रीतीने न कळत बंद होऊ शकते. म्हणून वर्षातून एकदा तरी सर्व नळ्या उघडून तपासाव्यात. त्यासाठी नवा दिवस शोधण्याचे कारण नाही. नरकचतुर्दशीच्या आदल्या सायंकाळी कन्नड घरांत पाणी भरण्याचा सण, ‘नीरु तुंबुव हब्ब’, साजरा होतो. हंडे घासून लखलखीत करतात, त्यास रेखाटून सजवितात, नव्या पाण्याने भरतात. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच पाण्याने अभ्यंगस्नान होते. मराठी व कोंकणी घरांतही त्या दिवशी बंबाचा व भाणाचा मान असतो.

आमच्या घरी त्या सायंकाळी आजही एक जास्तीचा विधी होतो. बंब घासून झाला की घरातील सर्वांत लहान मूल स्टुलावर उभे राहून थंड टाकीवर वळलेल्या हवानळीच्या तोंडाला बोट लावून पाहते आणि मोठ्याने सांगते, “उघडी आहे!” मगच बंबाला फुलांची माळ पडते. आजी आता नाही. पण तिचे वाक्य त्या बोटात राहिले आहे. आमच्या शाळेतील प्रत्येक मुलाने व मुलीने येत्या दिवाळीत आपल्या घरी हे एवढे करावे, असे आम्हास मनापासून वाटते.